आण्यांत मोजलेले दुखणे

आईच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खिळ्याला, दरवर्षी नवी दिनदर्शिका लागते आणि तिच्या चौकोनांत आमच्या घराचा सगळा कारभार मावतो. कोणत्या दिवशी दूध जास्त घेतले, गॅसचे सिलिंडर कधी लावले, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा खाडा कधी झाला, नळाला पाणी कधी आले, हे सारे ती शाईच्या पेनाने बारीक अक्षरात लिहिते. गेल्या वर्षीच्या एप्रिल, मे आणि जून या तीन पानांवर मात्र प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा आहे. कुठे ४, कुठे १०, कुठे ११, आणि एके ठिकाणी १६, खाली दोन रेघा मारलेल्या. हे आईच्या पोटऱ्यांचे दुखणे आहे आणि ते आण्यांत मोजलेले आहे. डॉक्टरांनी तिला शून्य ते दहा असा आकडा द्यायला सांगितला होता, तेव्हा ती म्हणाली, "ते दहातलं मला नाही कळत. सोळा आणे म्हणजे सगळं, आठ आणे म्हणजे निम्मं. बारा आणे दुखतंय म्हटलं की मला नेमकं कळतं." नवे पैसे १९५७ साली आले तेव्हा ती चार वर्षांची होती, पण तिच्या वडिलांच्या किराणा दुकानातली भाषा पुढे कित्येक वर्षे आण्यांचीच राहिली. डॉक्टर म्हणाले, "चालेल काकू, आण्यांत लिहा. फक्त रोज लिहा."

त्या आकड्यांची हकिगत सांगायची, तर ती एका गोळीपासून सुरू होते. आईला आठ-नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस मिरजेच्या डॉक्टरांनी तिला अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू केली, रोज रात्री एक, दहा मिलिग्रॅमची. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या पोटऱ्या दुखू लागल्या. आधी जिना उतरताना, मग रात्री अंथरुणावर, आणि कधी पहाटे गोळा येऊन ती उठून बसे. त्याच सुमारास शेजारच्या काकूंनी तिला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली, जिच्यात पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ ठामपणे सांगत होते की कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी स्नायू झिजतात आणि माणूस अंथरुणाला खिळतो. आईने तीन दिवस गोळी घेतली नाही. चौथ्या दिवशी तिला बरे वाटले. मला ती फोनवर म्हणाली, "अगं, गोळीच होती ती. माझं शरीर मला कळत नाही का?"

या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आले नाही, आणि ते देता आले नाही हे बरेच झाले असे आज वाटते. शरीर तिचे होते आणि दुखणेही तिचेच होते. तीन दिवसांत बरे वाटले हेही खरे होते. मात्र बरे वाटणे ही एक गोष्ट आणि कशाने बरे वाटले हे कळणे ही दुसरी. या दोहोंमधली जागा रिकामी असते आणि तिथेच नाना तऱ्हेचे लोक आपापले सामान मांडून बसतात, हे मला पुढच्या पंधरा दिवसांत दिसले.

आमच्या लांबच्या नात्यातला एक मुलगा एक चूर्ण विकतो. तो एप्रिलच्या आधीच्या रविवारी घरी आला, आईच्या पाया पडला, चहा घेतला आणि अठराशे रुपयांचा डबा टेबलावर ठेवून म्हणाला, "मावशी, रक्तवाहिन्यांतले अडथळे यानं विरघळतात. तीन महिने घ्या." सोबतच्या पत्रकावर मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही मुळापासून बरे होतात असे छापले होते. या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या चमत्कारी उपायांविषयीच्या कायद्याने मनाई आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसावे. मी विचारले, "आणि तीन महिन्यांनी गुण नाही आला तर?" तो अगदी सहज म्हणाला, "ताई, व्यक्ती तितक्या प्रकृती. कुणाला लगेच लागू पडतं, कुणाला सहा महिने लागतात, कुणाच्या प्रकृतीला मानवतच नाही."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ती मला खरी वाटते. तिच्या खरेपणाचा पुरावा तर आपल्या पुण्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता, २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघेही सडपातळ, निरोगी. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त अशा भारतीय शरीराची ही गोष्ट पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात बाळांपर्यंत जाऊन पोहोचते, आणि बॉडी मास इंडेक्सची जी धोक्याची रेषा युरोपात २५ ला ओढली जाते ती आपल्याकडे २३ ला का ओढतात, हे त्यावरून समजते. म्हणजे परक्या माणसांवर काढलेला आकडा जसाच्या तसा आपल्या माणसाला लावता येत नाही, ही म्हणीतली अर्धी शिकवण पक्की आहे.

पण ती म्हण त्या मुलाच्या तोंडी आली तेव्हा तिचे काम वेगळे होते. याज्ञिकांनी प्रकृतीतला फरक मोजला, तो कागदावर मांडला आणि तो चूक ठरण्याची संधी दिली. चूर्णवाल्याची प्रकृती कुठेही मोजली जात नव्हती. गुण आला तर श्रेय चुर्णाचे, गुण नाही आला तर दोष प्रकृतीचा. ज्या दाव्याला हरण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याचे जिंकणे कशाचे? सहकारी पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात माझी तीस वर्षे गेली. ज्या खात्यात तूट कधी दिसूच शकत नाही अशी मांडणी केलेली असते, तेच खाते आम्ही आधी उघडत असू.

आणि हे केवळ चूर्णापुरते नाही, म्हणून मला ते मनाला लागते. माझा भाचा बंगळुरूला असतो. त्याने प्रेमाने आईसाठी लाळेवरून जनुके तपासण्याचा संच मागवला होता. छत्तीस पानांचा चकचकीत अहवाल आला आणि त्यात तिच्या जनुकांनुसार तिने कोणता आहार घ्यावा हे रंगीत चक्रांतून सांगितले होते. कागद महाग, भाषा शास्त्रीय, पण प्रश्न तोच, की जनुके बघून दिलेला आहार आणि न बघता दिलेला आहार यांत फरक पडतो, हे कोणी ताडून पाहिले आहे का? वजनापुरते ते पाहिले गेले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०९ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि वर्षभर एका गटाला कमी चरबीचा, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार दिला. २०१८ साली निष्कर्ष आले. पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो, आणि ज्यांची जनुके अमुक आहाराला अनुकूल मानली जात होती त्यांना त्या आहाराचा जास्त फायदा झाला असे दिसले नाही. यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की दोन्ही गटांत माणसामाणसांत प्रचंड फरक होता. कोणी पंचवीस किलोंहून अधिक वजन उतरवले, तर कोणाचे उलट वाढले. म्हणजे व्यक्ती तितक्या प्रकृती हे तिथेही खरेच ठरले. फक्त कोणती प्रकृती कोणाची, हे त्या जनुकांना सांगता आले नाही.

जनुकांना कधीच काही सांगता येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण एचआयव्हीवरील अबाकावीर या औषधाची गोष्ट मला माहीत आहे. ते घेणाऱ्या काहींना ताप, पुरळ आणि कधी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येई. एचएलए-बी*५७:०१ हे जनुकरूप असणाऱ्यांतच हा धोका दिसतो, असे संशोधकांच्या ध्यानात आल्यावर त्यांनी ते नुसते सांगून लोकांना चाचणी विकली नाही. एकोणीस देशांतील १९५६ रुग्ण घेतले, निम्म्यांची चाचणी करून जनुकरूप असलेल्यांना ते औषध दिले नाही आणि निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खात्रीने सिद्ध झालेली प्रतिक्रिया दुसऱ्या गटात २.७ टक्क्यांना आली आणि चाचणी केलेल्या गटात एकालाही नाही. प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे उपचार म्हणतात तो हा. दोन्ही ठिकाणी जनुके आहेत आणि दोन्ही ठिकाणी रंगीत अहवाल करता येईल, पण एक दावा तुलनेच्या कसोटीतून पार पडला आहे आणि दुसरा पडलेला नाही.

एप्रिलच्या पहिल्या दिवशी मी आईला घेऊन मिरजेला गेले. मनात थोडी धास्ती होती, कारण वडीलधाऱ्या माणसाने स्वतःहून गोळी थांबवली हे ऐकून काही डॉक्टर रागावतात आणि मग माणूस पुढच्या वेळी खरे सांगत नाही. हे डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आईच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, पायांच्या नाड्या पाहिल्या, स्नायूंना इजा झाली असेल तर रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज तपासायला सांगितले. ते दुसऱ्या दिवशी सामान्य आले. मग आईने त्यांना सरळ विचारले, "डॉक्टर, ही गोळी मला हवीच का?"

त्यांनी कागद घेतला आणि शंभर बारीक ठिपके काढले. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २८३८ मधुमेहींवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, असे सांगून ते म्हणाले की त्या लोकांना तोपर्यंत हृदयविकार झालेला नव्हता, तुमच्यासारखेच, आणि गोळीही हीच, दहा मिलिग्रॅमची. गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. मी टक्के ऐकले की मूळ रक्कम विचारते, ही सवय आता जायची नाही. मी विचारले, "कशाचे ३७ टक्के?" ते हसून म्हणाले, "तेच दाखवतोय." साधारण चार वर्षांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी नऊ जणांना असा प्रसंग आला आणि खरी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे सहांना. नऊ ठिपक्यांना त्यांनी गोल केले आणि त्यातल्या तिघांवर फुली मारली. "हे तिघे वाचले. या सहांवर गोळी घेऊनही तो प्रसंग आलाच. उरलेल्या एक्याण्णव जणांना गोळी नसती तरी या चार वर्षांत काही झालं नसतं."

आई त्या ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने जो प्रश्न विचारला तो मला तीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारलेला आठवत नाही. "मी त्या तिघांतली आहे हे कशावरून?"

डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येत नाही, काकू. कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही या शंभरांसारख्या आहात एवढंच सांगता येतं, आणि तेही पूर्ण नाही, कारण ते लोक तिकडचे आणि तुम्ही इकडच्या. आपल्याकडे मधुमेहींना हृदयविकार लवकर गाठतो, म्हणून तुमच्यासाठी हे नऊ कदाचित जास्तच असतील. पण नक्की नाव काढून दाखवता येणार नाही."

मला वाटते, माणसाला बघून दिलेल्या उपचाराविषयी मी ऐकलेले सर्वात प्रामाणिक वाक्य हेच आहे. चूर्णवाला तिच्या प्रकृतीबद्दल पूर्ण खात्रीने बोलला होता. छत्तीस पानांचा अहवालही खात्रीनेच बोलत होता. ज्याला सर्वाधिक माहिती होती त्यानेच आपल्या माहितीची हद्द कुठे संपते ते बोट ठेवून दाखवले. टक्केवारीविषयी आणखी एक नमूद करते, कारण त्यात फसगत फार होते. '३७ टक्के कमी' आणि 'शंभरांत तीन' हे दोन्ही एकाच अभ्यासातले आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला आकडा छापला की गोळी चमत्कारासारखी वाटते, दुसराच सांगितला की ती फुकाची वाटते. निर्णय घेणाऱ्यासमोर दोन्ही ठेवणे हाच सभ्यपणा आहे. आईने दोन्ही पाहिले आणि म्हणाली, "शंभरांत तीन म्हणजे काही थोडके नाहीत. आपल्या गल्लीत शंभर माणसं असतील. पण पाय असे राहिले तर मी घेणार नाही." हा तिचा निर्णय होता आणि तो अडाणी मुळीच नव्हता.

तेव्हा प्रश्न पायांवर आला. डॉक्टरांनी आम्हाला लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील एका अभ्यासाविषयी सांगितले, तो मी नंतर घरी येऊन मुद्दाम समजून घेतला. स्टॅटिन, म्हणजे आईच्या गोळीच्या जातीचे कोलेस्टेरॉलचे औषध, सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास होऊन ज्यांनी ती सोडली होती अशा साठ जणांना त्यांनी प्रत्येकी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती बाटली हे चिठ्ठीने ठरले, आणि भरलेल्या बाटलीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. रोज त्रासाचा आकडा शून्य ते शंभर असा नोंदवायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ आली, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. इथवर वाचले की वाटते, गोळीने त्रास दुप्पट केला, सिद्ध झाले. पण औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत सरासरी होती १५.४. म्हणजे गोळी घेतल्याने जो त्रास वाढला त्यातला नव्वद टक्के भाग गोळीतल्या औषधाने होत नव्हता. तो गोळी घेण्याने होत होता. हे निष्कर्ष २०२० साली आले, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवल्यानंतर साठांपैकी तीस जणांनी गोळी पुन्हा सुरू केली.

इथे एक गैरसमज फार सहज होतो आणि तो मला टाळायचा आहे. त्या लोकांना भास होत होता, किंवा आई ढोंग करत होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. १५.४ हा आकडा खऱ्या दुखण्याचा आहे, कोणाचेतरी पाय खरोखर दुखत होते. दुखणे खरे आणि कारण चुकीचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. एखाद्याला "तुमच्या मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवणे हा माझ्या मते त्याच्यावर केलेला अन्याय आहे, आणि असा अन्याय झालेली माणसेच पुढे चूर्णाच्या डब्याकडे वळतात. मोठ्या संख्येनेही हेच दिसते. २०२२ साली १९ चाचण्यांतील सुमारे सव्वा लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंच्या दुखण्याची तक्रार केली होती आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. चार-साडेचार वर्षांत दर चारांतल्या एकाचे काहीतरी दुखतेच, मग त्याने काहीही घेतलेले असो. ही दुसरी बाजू, तुलनेचा हा गट, आपल्या घरातल्या गोष्टींत कधीच नसतो. काकूंच्या चित्रफितीतही नव्हता.

आईसाठी औषध नसलेली गोळी कुठून आणणार? आणि तिला न सांगता काही देणे डॉक्टरांना मान्य नव्हते, मलाही नव्हते. म्हणून त्यांनी साधा मार्ग सांगितला. पंधरा दिवस गोळी बंद, पंधरा दिवस सुरू, असे तीनदा, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दुखण्याचा आकडा. प्रत्येक पंधरवड्याचे पहिले चार दिवस सरासरीत धरायचे नाहीत, कारण आधीचा परिणाम तेवढा रेंगाळू शकतो. हे तुम्हाला चालेल, ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्यांना मी असे करू देणार नाही, हेही त्यांनी बजावले. हा काही लंडनच्या अभ्यासासारखा चोख प्रयोग नव्हता, कारण गोळी कधी सुरू आणि कधी बंद हे आईला माहीत होते. पण मिळेल तेवढी तुलना घ्यावी, तुलनाच न करण्यापेक्षा ते बरे.

तीन महिने आईने एकही दिवस चुकवला नाही. गोळी सुरू असलेल्या दिवसांवर ती हिरव्या पेनाने टिंब करी. जूनच्या अखेरीस मी तिन्ही पाने भिंतीवरून काढली आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सरासरी काढायला कागद पुढे ओढला आणि हात तसाच थांबला. आकडे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. १०, ४, ११, ४, १०, ५, ९, ४. एक दिवस मोठा, एक दिवस लहान. हिरवे टिंब असो वा नसो, शिवणीच्या टाक्यासारखे वरखाली, वरखाली, तीन पानेभर. आणि ज्या ज्या चौकोनात मोठा आकडा होता त्या प्रत्येक चौकोनात वरच्या बाजूला आईच्याच अक्षरात लिहिले होते, 'पाणी'.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले होते. दाब इतका कमी की ते वरच्या टाकीत चढत नसे. पहाटे पाच वाजता आई खालच्या नळाला बादली लावी आणि भरलेल्या बादल्या चौदा पायऱ्या चढून वर आणी, दहा-बारा खेपा. मला तिने हे कधी सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते. गोळी फेब्रुवारीच्या अखेरीस आली, पाणी मार्चच्या सुरुवातीला गेले, आणि पोटऱ्यांनी या दोन्हींत भेद केला नाही. गोळी नवी होती, तिच्यासोबत भीती आलेली होती, म्हणून नाव तिचे लागले. दोन रेघांचे सोळा आणे आले ती तारीख मी काढली. तेव्हा गोळी बंद होऊन नऊ दिवस झाले होते. तीन दिवस पाणी आले नव्हते आणि त्या पहाटे आल्यावर आईने घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवले होते. मग मी सरासरीही काढली. गोळीच्या दिवसांची सात आणे, बिनगोळीच्या दिवसांची साडेसहा. पाण्याच्या दिवसांची दहा, बिनपाण्याच्या दिवसांची चार.

आणि मार्चमध्ये गोळी थांबवल्यावर चौथ्या दिवशी आलेले ते बरे वाटणे? माणूस उपाय करतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. बहुतेक दुखणी चढतात तशी उतरतात. शिगेच्या दिवशी तुम्ही गोळी थांबवा, चूर्ण घ्या, तेल लावा, अंगारा लावा, पुढच्या चार दिवसांत उतार पडण्याचीच शक्यता अधिक असते आणि जे शेवटी हातात असेल त्याला यश मिळते. चूर्ण घेऊन बरी झालेली माणसे खोटे बोलत नाहीत. ती त्या उतारावर उभी असतात.

हे लिहिताना मला माझ्या दिरांची आठवण ठेवायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याचा समज होईल की गोळ्या कधी चुकतच नाहीत. त्यांनाही स्टॅटिनच होती. त्यांचे खांदे आणि मांड्या दुखू लागल्या, गोळी थांबवली की आठवड्यात थांबत, सुरू केली की आठवड्यात परत, आणि असे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीनदा झाले, तेही अगदी ठरल्यासारखे. त्यांचे दुखणे गोळीचेच होते. डॉक्टरांनी त्यांना दुसरी स्टॅटिन कमी मात्रेत एक दिवसाआड दिली आणि तिच्यावर ते ठीक आहेत. एकाच घरात, एकाच प्रकारच्या औषधाविषयी, एकाच पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे आली. व्यक्ती तितक्या प्रकृती या म्हणीचा हा अर्थ मला मान्य आहे, कारण इथे प्रत्येक प्रकृतीला बोलू दिले गेले आणि तिचे म्हणणे लिहून घेतले गेले.

जुलैमध्ये भाच्याने सुट्टीला येऊन खाली छोटी मोटार बसवली. आईने गोळी पुन्हा सुरू केली. पोटऱ्यांचे दुखणे पूर्ण थांबले असे मात्र झाले नाही, अजूनही तीन-चार आणे असतातच, आणि त्याचे कारण आम्हाला सापडलेले नाही. डॉक्टर म्हणतात गुडघ्यांचा काही भाग असेल, काही वयाचा. चुर्णाचा डबा मी परत पाठवला. त्या मुलाशी मी भांडले नाही, फक्त विचारले की आतापर्यंत किती जणांना दिलेस आणि त्यांतल्या किती जणांनी तीन महिन्यांनंतर काही कळवले. बरे झालेल्या चौघांची नावे त्याला पाठ होती. बाकीच्यांचे त्याने कुठे लिहून ठेवलेले नव्हते.

परवा कोल्हापूरहून मावशीचा फोन आला होता. तिला रक्तदाबाची नवी गोळी दिली आहे आणि त्या गोळीने डोके जड होते, असे ती सांगत होती. आई पोळ्या लाटत होती, फोन खांदा आणि कानात धरलेला. ती सगळे ऐकून घेत होती, मधे मधे "हं, हं" म्हणत होती. मग लाटणे थांबले.

"बाई गं, थांब जरा. गोळी सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस डोकं कसं होतं, ते लिहिलंयस का कुठे?"